पास्टरीणबाईंच्या इंजिनाचा खून

१

पास्टरीणबाई मेष्टहिल्ड ब्युर्कले यांचं इंजिन मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, वीस साक्षीदारांच्या देखत मेलं.

हिंटरवाल्डिंगनच्या जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांच्या क्लबाची ती वर्षातली पहिली मोठी फेरी. ओळीने एकवीस गाड्या घाट चढत होत्या आणि सगळ्यांत पुढे बाईंची करडी कोर्मोरान. बाई दोनच महिन्यांपूर्वी चर्चमधल्या धर्मोपदेशकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या आणि चाळीस वर्षं दाबून ठेवलेली हौस त्यांनी एकदम बाहेर काढली होती. शेवटच्या वळणावर आधी खटखट झाली, मग कोणीतरी जमिनीवर ऐरण टाकावी तसा दणका, आणि मग रस्त्यावर तेलाचा काळा पट्टा.

मदतीला सगळेच धावले. पण इंजिनाकडे जायच्या आधी चौघांनी इशाऱ्याचा लाल त्रिकोण ठेवायला रस्ता पावलांनी मोजला. घाटात शंभर पावलं पुरतात की दीडशे लागतात, यावर त्यांचं जे जुंपलं ते दहा मिनिटं मिटेना. तेवढ्यात गॅरेजवाला गोटहिल्फ झाइझर पाठीवर झोपून गाडीखाली सरकला आणि इंजिनाला पडलेल्या मुठीएवढ्या भोकात त्याने बॅटरीचा झोत टाकला.

"बेअरिंग," तो खालूनच म्हणाला.

शोकसभेत काढाव्यात तशा दोघातिघांनी टोप्या काढल्या. कोर्मोरान ही गाडी देखणी, पळायला वाऱ्यासारखी, पण तिच्या जन्मातच एक खोट आहे हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पिस्टनचे दांडे ज्या अर्धगोल पट्ट्यांवर फिरतात त्या बारा पट्ट्या, म्हणजेच ही बेअरिंग, लाखभर किलोमीटरच्या आतच झिजतात आणि जाताना इंजिनाला घेऊन जातात. म्हणून जुनी कोर्मोरान घेणारा माणूस रंग, सीट, किंमत काहीही विचारायच्या आधी विचारतो, बेअरिंग बदललीत का?

बाईंनीही विचारलं होतं. आणि त्यांना कागद मिळाला होता, शिक्क्यानिशी. बदललीत, याच वर्षी, गोटहिल्फ झाइझरच्या गॅरेजात.

गोटहिल्फ गाडीखालून बाहेर आला तेव्हा वीस जोड्या डोळे त्याच्याकडे लागले होते. आणि त्या बिचाऱ्याला, देवाशपथ, ते काम केल्याचं आठवतच नव्हतं.

२

कागद एकेहार्ड फ्लाइडररने बाईंकडून आणून दाखवला. गाडी त्याचीच, बाईंना विकली त्यानेच. निवृत्त नोटरी, क्लबाचा चिटणीस, आणि शर्टाचं वरचं बटण भर उन्हाळ्यातही न उघडणारा माणूस. त्याने गोटहिल्फच्या गॅरेजात मेजावर कागद ठेवला, त्याच्या कडा मेजाच्या कडांना समांतर केल्या, आणि वाचला.

"चार फेब्रुवारी. पिस्टनच्या दांड्यांची सर्व बारा बेअरिंग नवी बसवली. सत्तावीस मार्च. इंजिन रुळण्यासाठी हजार किलोमीटर सावकाश चालवून झाल्यावर तेल बदललं. तेलात धातूचे कण नाहीत. खाली तुझा शिक्का. आणि ही पेटी."

लाकडी पेटीत झिजून तांब्याचा रंग दिसू लागलेल्या बारा पट्ट्या ओळीने मांडल्या होत्या. जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा ही गोटहिल्फची बापाच्या काळापासूनची रीत होती.

"अरे एकेहार्ड," गोटहिल्फ म्हणाला, "फेब्रुवारीत मी एका करड्या कोर्मोरानची बेअरिंग बदलली एवढं आठवतं. पण ती क्नोडलर डॉक्टरांची होती."

"त्यांचीही असेल. माझीही होती. तूच तर ट्रेलरवर घालून नेलीस. गोटहिल्फ, मी तुला दोष देत नाही हो. वय झालं की होतं असं. एखादा बोल्ट आवळायचा राहून जातो."

हे इतक्या मायेने बोललं गेलं, की गोटहिल्फला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

त्याची बायको ट्राउडल होती तोवर गॅरेजात वही होती. कुठली गाडी आली, काय केलं, किती वाजता गेली, सगळं तिच्या बारीक अक्षरात. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि वहीही तिच्याबरोबर गेली. गोटहिल्फचं स्वतःचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नसे. म्हणून तो कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर एकदाच शिक्के मारून ठेवी, कारण शाईचं पॅड रोज उघडलं तर सुकतं, आणि सुकलेलं पॅड फेकायचं म्हणजे पाप. मजकूर टाइप करून द्यायला एकेहार्ड दर आठवड्याला यायचा, तोही फुकट. एवढा सज्जन शेजार कुणाला मिळतो?

मेलेल्या इंजिनाकडून साक्ष मिळायची आशाही नव्हती. एक दांडा भिंत फोडून बाहेर आलेला, आणि धातूच्या चुऱ्याने बाकीच्या सगळ्या पट्ट्या अशा खरवडलेल्या, की नवी कुठली न् जुनी कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी दुपारी बैलाच्या पाटीच्या खानावळीत क्लबाची सभा ठरली. गोटहिल्फने सगळ्यांना सांगून टाकलं, की तो बोल्ट माझ्या हातून ढिला राहिला असेल तर शनिवारपासून गॅरेजला कुलूप. लोकांना वाटलं माणूस रागाने बोलतोय. तो घाबरून बोलत होता. तेहेतीस वर्षं ज्या हातांवर विसंबून जगलो, ते हात काय करतात हे आपल्याला आठवत नसेल, तर उद्या कुणाचे ब्रेक जोडायचे कुठल्या तोंडाने? त्या आठवड्यात त्याने एका म्हाताऱ्याच्या गाडीचं चाक चार वेळा आवळलं, आणि म्हातारा निघून गेल्यावर त्याच्यामागे सायकल दामटत जाऊन पाचव्यांदा.

बुधवारी दुपारी गॅरेजच्या दारात एक बुटकी आकृती उभी राहिली. तिला बघून गोटहिल्फच्या तोंडचं पाणी पळालं.

३

इर्मट्राउट ग्शाइडले ही बाई एकाहत्तर वर्षांची होती आणि तिने पस्तीस वर्षं सरकारमान्य गाडीतपासनीस म्हणून काढली होती. त्या गावात असा एकही इसम नव्हता ज्याची गाडी तिने निदान एकदा नापास केली नव्हती. स्वतःच्या सख्ख्या भावाची तिने सात वेळा केली. शेवटी तो बिचारा गाव सोडून गेला.

"गोटहिल्फ, मला उगीच घाबरू नकोस, मी निवृत्त आहे," इर्मट्राउटबाई म्हणाल्या. "तुझा मागचा दिवा मात्र अजून वाकडा आहे. हां, आता सांग. तू विसरलास का?"

"मला माहीत नाही, ग्शाइडलेबाई. तेच तर सांगतोय सगळ्यांना. माहीत नाही!"

"विसरलेला माणूस असं बोलत नाही. तो छातीठोक सांगतो, की मी आवळला होता. चल, गाडी काढ. दोन घरी जायचंय. आणि तोंड धू, ग्रीस लागलंय."

पहिलं घर गुरांचे डॉक्टर क्नोडलर यांचं. ते क्लबाचे अध्यक्ष, आणि त्यांच्याकडेही हुबेहूब तशीच करडी कोर्मोरान. अंगणात ती शेणाने माखून उभी होती आणि मागच्या सीटवर वासरू ओढायच्या दोऱ्या पडल्या होत्या.

"फेब्रुवारीत बेअरिंग बदलली? हो, बदलली की. गोटहिल्फनेच," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी मी ती घेऊन गायीच्या बाळंतपणाला गेलो. माझी नंबरपाटी बारमाही आहे. बाकीच्यांसारखी कर न् विमा वाचवणारी, एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच चालणारी पाटी परवडत नाही मला. गायी काय एप्रिलची वाट बघतात?"

"आणि जुन्या पट्ट्यांची पेटी?"

"मी नेलीच नाही. घरात आधीच गायीचे तीन सांगाडे आहेत, बायको म्हणते आता एक तर ते राहतील नाहीतर मी."

"डॉक्टर," इर्मट्राउटबाईंनी चष्म्यावरून पाहिलं, "तुम्ही परवा पास्टरीणबाईंना फोन केला होतात म्हणे."

डॉक्टर लाल झाले. "सहज केला. सांत्वन करायला."

"आणि सांत्वनात विचारलंत, दारं आणि सीट विकणार का म्हणून."

"अहो, इंजिन मेलंच आहे तर बाकीची गाडी वाया कशाला घालवायची?" डॉक्टर पुटपुटले. "डावं दार बैलाने चेपलंय माझं."

बाहेर पडल्यावर गोटहिल्फ हळूच म्हणाला, "मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस! यानेच तर नाही काही..."

"गिधाड आहे," बाई म्हणाल्या, "पण गिधाड शिकार करत नाही, वाट बघतं. पुढे चल. आणि दुसरा गिअर टाकताना एवढा जोर लावू नकोस."

४

पास्टरीणबाईंवरचा आरोप वेगळाच होता. थंड इंजिन गरागरा फिरवणं हा कोर्मोरानवाल्यांच्या लेखी खुनाखालोखालचा गुन्हा, आणि बाई पहिल्याच दिवशी घरातून सुसाट निघाल्या असं एकेहार्डने आठ जणांच्या कानात घातलं होतं.

बाई स्वयंपाकघरात रागाने कणीक मळत होत्या. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं आणि लोण्याच्या पावाचं ताट पुढे सरकवलं.

"थंड इंजिन? मी?" त्या म्हणाल्या. "तेल गरम होईस्तोवर मी काटा तीन हजाराच्या वर जाऊ देत नाही. आणि वेळ कशी मोजते माहितीय? 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अख्खं वीस वेळा म्हणते. थंडी असली तर तीस. चाळीस वर्षांत मी एवढी प्रार्थना केली नव्हती जेवढी या गाडीत बसून केली."

"आणि मग?" इर्मट्राउटबाईंनी विचारलं.

"मग काय! मग दाबते पाय."

"गाडी ताब्यात कधी आली?"

"दोन एप्रिलला. मार्चच्या शेवटी कागद झाले होते, पण फ्लाइडररसाहेब म्हणाले, पाटी एक तारखेला जिवंत होईल, त्याच्याआधी गाडी रस्त्यावर काढणार नाही. मी म्हटलं, अहो, दोनशे मीटरवर तर घर आहे माझं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दानपेटी फोडायला सांगतेय."

इर्मट्राउटबाईंचा पाव तोंडाशी जाता जाता थांबला.

गोटहिल्फचं तिकडे लक्ष नव्हतं. तो बाईंकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पास्टरीणबाई," तो म्हणाला, "तुमच्या बाजूला लहान मूल बसलेलं असतं तर? त्या घाटात? माझ्या एका बोल्टमुळे?"

"नव्हतं बसलं," बाई हलकेच म्हणाल्या. "तुम्ही खा बघू आधी."

"तो कागद मला द्या," इर्मट्राउटबाई मध्येच म्हणाल्या. त्यांनी तो उजेडात धरला, दोन ओळी वाचल्या, आणि गोटहिल्फने पस्तीस वर्षांत जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. गाडीतपासनीसबाई हसल्या.

"गोटहिल्फ, तुझ्याकडे गॅरेजची लाल पाटी असायची ना? दुसऱ्यांच्या गाड्या चालवून बघायला?"

"परत केली मी. ट्राउडल गेली त्याच वर्षी. त्या पाटीवर निघालेली प्रत्येक फेरी नोंदवावी लागते. ते तीच लिहायची."

"परत केल्याची पावती?"

"असेल फळीवर कुठेतरी. मी काही फेकत नाही."

"घेऊन ये शुक्रवारी," बाई म्हणाल्या. "आणि मी काहीही बोलले तरी मध्ये तोंड घालायचं नाही. एकेहार्डवर भलता आरोप करणार आहे मी."

"कसला?"

"त्याने न केलेल्या गुन्ह्याचा."

५

शुक्रवारी खानावळीच्या मागच्या खोलीत क्लब खचाखच भरला होता. पहिला दीड तास बोल्ट किती जोराने आवळायचा आणि मग किती अंश फिरवायचा यात गेला. कागद हातोहात फिरला. प्रत्येकाने शिक्का पाहिला, पट्टीचं माप पाहिलं, तेलाचा प्रकार पाहिला आणि मान हलवून पुढे दिला. गोटहिल्फ कोपऱ्यात बसून होता, समोरच्या मसुराच्या आमटीला त्याने चमचाही लावला नव्हता.

अखेर एकेहार्ड उठला. "मित्रहो, माझी विनंती आहे की आपण आपल्या जुन्या मित्राशी मायेने वागावं. त्याने चांगलं काम केलं, फार वर्षं केलं. आता त्याने सन्मानाने थांबावं."

दोघातिघांनी मान हलवली. गोटहिल्फने खिशातून गॅरेजची किल्ली काढून मेजावर ठेवली.

"एक मिनिट," मागून आवाज आला. इर्मट्राउटबाई पुढे आल्या तशी सवयीने निम्म्या लोकांनी पाठ ताठ केली. "फ्लाइडररसाहेब, या कागदात लिहिलंय ते सगळं खरं आहे?"

"अक्षर न् अक्षर."

"नीट विचार करून सांगा."

"बाई, मी तेहेतीस वर्षं नोटरी होतो."

"मग माझा नाइलाज आहे," बाई म्हणाल्या. "मला तुमच्याविरुद्ध तक्रार करावी लागेल. चार फेब्रुवारीला बेअरिंग बसली. सत्तावीस मार्चला हजार किलोमीटर पुरे झाले. तुमची पाटी एप्रिल ते ऑक्टोबरची. म्हणजे भर फेब्रुवारी-मार्चमध्ये, मेलेल्या पाटीवर, विम्याशिवाय, कराशिवाय, तुम्ही सार्वजनिक रस्त्यावर हजार किलोमीटर गाडी चालवलीत."

कुणाच्या तरी हातातला काटा ताटात पडला.

"फेब्रुवारीत?" डॉक्टर क्नोडलर कुजबुजले.

एकेहार्डच्या डाव्या-उजव्या बाजूच्या दोघांनी खुर्च्या सरकवल्या. वीस वर्षं त्याच्या शेजारी बसणारी एक म्हातारी बाई हळूच उठली आणि पलीकडच्या मेजावर जाऊन बसली. गाडी विकताना थोडं इकडचं तिकडचं बोलणारे त्या खोलीत पुष्कळ होते. पण मुदतीबाहेर पाटी चालवणारा माणूस! त्याच्याकडे कसं बघावं हेच कुणाला कळेना.

"ती... ती झाइझरने चालवली असेल," एकेहार्ड चाचरला. "गॅरेजच्या लाल पाटीवर."

इर्मट्राउटबाईंनी मेजावर एक तेलकट पावती ठेवली. "लाल पाटी त्याने दोन वर्षांपूर्वी परत केली. तेव्हा चालवली ती तुम्हीच. किती वेळा बाहेर काढलीत? शाळेवरूनही नेली असेल. पोरं रस्ता ओलांडत असताना, विम्याशिवाय..."

"नाही!" एकेहार्ड ओरडला. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटून आमटीत पडलं. "कधीच नाही! मी असला माणूस नाही! ती गाडी एकतीस ऑक्टोबरपासून पांघरुणाखाली होती! शेजाऱ्यांना विचारा! चाकांखाली लाकडं घातली होती, बॅटरी काढून तळघरात ठेवली होती! पाच महिने ती एक मीटरही हलली नाही, ना रस्त्यावर, ना ट्रेलरवर, ना..."

तो थांबला.

"ना गोटहिल्फच्या गॅरेजात," इर्मट्राउटबाईंनी वाक्य पुरं केलं. "बसा आता."

एकेहार्ड बसला. मग सगळं आपोआप बाहेर आलं. तीन वर्षं गाडी विकली जात नव्हती, येणारा प्रत्येक जण बेअरिंगचं विचारून परत जायचा. गोटहिल्फच्या मेजावर शिक्के मारलेले कोरे कागद पडलेले, आणि फळीवर डॉक्टरांनी न नेलेली पेटी. एकच ओळ लिहिली असती तर कदाचित कधीच सापडला नसता. पण नोटरीला अपुरा कागद सहन होईना. नव्या बेअरिंगनंतर हजार किलोमीटर आणि तेलबदल हवाच, नाहीतर जाणकार माणूस शंका घेईल, म्हणून त्याने तेही व्यवस्थित, तारखेनिशी, टाइप केलं.

"मला वाटलं, पास्टरीणबाई आहेत," तो खाली बघत म्हणाला. "दफनभूमीपर्यंत जातील आणि परत येतील. पन्नासच्या वर कशाला जातील?"

"एकशे ऐंशी," पास्टरीणबाई म्हणाल्या. "सरळ रस्ता असेल तर."

पुढे क्लबाने एकेहार्डला चिटणीसपदावरून काढलं, गाडी परत घ्यायला लावली, आणि इतिवृत्तात एक वाक्य एकमताने घातलं, की पाटीच्या मुदतीबाहेर गाडी चालवली गेली नाही, याची सभेने समाधानाने नोंद घेतली. एकेहार्डने त्या वाक्याबद्दल उभं राहून आभार मानले. खरंच मानले.

६

सगळे गेल्यावर गोटहिल्फ तिथेच बसून राहिला. गार झालेली आमटी त्याने पुरी संपवली आणि वर आणखी मागवली. हात मेजावर पालथे ठेवून तो त्यांच्याकडे बघत होता. नखांत ग्रीस, अंगठ्यावर जुनी भाजल्याची खूण, नेहमीचेच हात.

"मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला. "बाई, मी ते काम केलंच नव्हतं. म्हणून आठवत नव्हतं."

"हो," पास्टरीणबाई त्याच्यासमोर बसल्या.

"ढिला बोल्ट नव्हताच. कधीच नव्हता."

"नव्हता."

मग तो हसला आणि हसता हसता रडला, आणि ते लपवायचा त्याने जराही प्रयत्न केला नाही. बाईंनी आपला रुमाल त्याच्यापुढे सरकवला.

"फ्लाइडररसाहेब बाहेर उभे आहेत," त्या म्हणाल्या. "आत यायचं धाडस होत नाहीये त्यांना. मी माफ केलं, गोटहिल्फ. सवयच आहे माझी, नोकरीच ती होती. तुमच्याशीही बोलायचंय म्हणतात."

गोटहिल्फने रुमालाने नाक पुसलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर एकेहार्ड बटण नसलेली कॉलर हाताने मिटून धरून उभा होता.

"इंजिन तुमचं होतं, तुम्ही माफ करा," गोटहिल्फ म्हणाला. "पण हे पाच दिवस माझे होते. एकेक बोल्ट पाच-पाच वेळा आवळला मी. तो माणूस माझ्या गॅरेजात बसला, माझी कॉफी प्यायला, आणि मला वय झालं म्हणाला. मी नाही करत माफ. आत्ता तर नाहीच."

पास्टरीणबाई काहीतरी बोलणार होत्या. चाळीस वर्षांत अशा वेळी बोलायची बरीच वाक्यं त्यांच्यापाशी जमा झाली होती. पण त्यांनी त्यातलं एकही काढलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "घाई नाही. मी त्यांना घरी जायला सांगते."

त्या उठून बाहेर गेल्या. गोटहिल्फने मेजावरची किल्ली उचलून खिशात टाकली, आणि आमटीची वाटी पुन्हा पुढे ओढली.